मिल्कशेकच्या यादीत दुधाची चौकशी कोण करणार?

प्रति,
माननीय संपादक,

विषय : नाशिकमधील उत्तम मिल्कशेकची यादी आणि मेनूकार्डावर न आढळणारी माहिती

महोदय,

पोळ्याच्या सुमारास आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नाशिकच्या कॅफेंमध्ये मिळणाऱ्या उत्तम मिल्कशेकची यादी प्रसिद्ध झाली होती. कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मा नगर, इंदिरानगर आणि नाशिक रोड या भागांतील ठिकाणे तिच्यात होती. प्रत्येकाचे छायाचित्र होते, किंमत होती आणि पेल्यावर रचलेल्या बिस्किटांचे, वेफर्सचे व काचेवरून ओघळणाऱ्या चॉकलेटचे मन लावून केलेले वर्णन होते. बारावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने ते कात्रण फ्रिजच्या दारावर चिकटवले आणि तेव्हापासून दिवाळी संपेपर्यंत जवळपास प्रत्येक शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे त्यातील एकेका ठिकाणी जाऊन आलो. यादीबाहेरची चार-पाच ठिकाणेही पाहिली. यादी करणाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत, हे मी प्रथमच नमूद करतो. परंतु पानभर मजकुरात दूध कोणते वापरले आणि फळ खरे होते की बाटलीतले, याविषयी एक ओळही नव्हती. ज्या पदार्थाच्या नावातच दूध आहे, त्याच्या परीक्षेत दुधाची चौकशीच होऊ नये, ही उणीव मला इतकी मोठी वाटली की हे पत्र लिहिणे आवश्यक झाले.

मी ३१ वर्षे एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम केले. पहाटे संकलन केंद्रांवरून कॅन येत. प्रत्येक कॅनमधला नमुना घ्यायचा, दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर त्यात बुडवून डिग्री पाहायची आणि मग गर्बर पद्धतीने फॅटचे प्रमाण काढायचे. नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, त्यावर कडेने अलगद सोडलेले १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, आणि नळी यंत्रात फिरवून झाली की वर जमलेला पिवळसर थर रेघांवर मोजायचा. त्या थराच्या एकेका रेघेवर शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे ठरत, म्हणून ती रेघ वाचताना आम्ही श्वास रोखून धरत असू. दुधाकडे असे पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, आणि कॅफेतल्या उंच पेल्यासमोर बसल्यावरही माझे पहिले लक्ष त्यातील दुधाकडेच जाते.

या पेयाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो मुद्द्याला धरून आहे. अमेरिकेत १८८५ च्या सुमारास मिल्कशेक हा शब्द छापला गेला तेव्हा तो अंडी आणि व्हिस्की घातलेल्या पेयाचे नाव होता. पुढे मद्य गेले आणि सरबतांची व माल्टची चव आली. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावी हॉर्लिक बंधूंनी बनवलेली माल्टेड दुधाची भुकटी औषधांच्या दुकानांतून पेय म्हणून खपू लागली. १९२२ मध्ये शिकागोतील वॉलग्रीन्सच्या अशाच एका दुकानात आयव्हर कूल्सन नावाच्या कर्मचाऱ्याने या माल्टेड दुधात आइस्क्रीमचे दोन गोळे घातले आणि आजचा जाडसर मिल्कशेक जन्माला आला. भांड्याच्या तळाशी पाते फिरवणारे यंत्र त्याच वर्षी स्टीफन पोप्लॉस्की यांनी केले, तेही रसीनमध्येच. म्हणजे आइस्क्रीम या पेयात मागाहून आले. दूध आधीपासून होते. आपल्या घरांत तर ही गोष्ट कोणी शिकवण्याची गरजच नव्हती. केळ्याचे शिकरण, आमरसात घातलेले वाटीभर दूध, सीताफळाची बासुंदी, कोजागरीचे आटवलेले दूध हे सारे दूध आणि फळ किंवा दूध आणि सुकामेवा यांच्या मेळाचेच प्रकार आहेत, आणि त्यांची परीक्षा घेताना आपल्या आज्या पहिला प्रश्न दुधाचाच विचारत असत.

आता कॅफेतील पेल्याकडे येतो. आम्ही गेलो त्या बहुतेक ठिकाणी मिल्कशेक थंड करण्यासाठी बर्फ घातला जात होता. ग्राहकाला ही गोष्ट किरकोळ वाटते, म्हणून हिशेब मांडतो. फुल क्रीम दुधात कायद्याने किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ असावे लागतात. असे २०० मिलिलिटर दूध घेऊन त्यात १०० ग्रॅम बर्फ फिरवला, तर पेल्यात उरते ते ढोबळ मानाने ४ टक्के फॅटचे आणि ६ टक्के एसएनएफचे पाणीदार दूध. सुरुवातच ३ टक्के फॅटच्या टोन्ड दुधाने केली असेल तर फॅट २ टक्क्यांवर आणि एसएनएफ साडेआठवरून पावणेसहाच्याही खाली येते. गाईच्या दुधाचे एसएनएफ किमान ८.३ टक्के असावे असा नियम आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेत सहाच्या आसपासचे दूध आले असते तर तो कॅन दारातूनच परत गेला असता. हा पातळपणा झाकण्यासाठी मग आइस्क्रीमचे गोळे वाढवले जातात, गवारगमासारखे दाटपणा आणणारे घटक असलेली तयार पावडर घातली जाते आणि साखर वाढते. पेला जड लागतो, स्ट्रॉ उभा राहतो, आणि तरीही जिभेला दूध लागत नाही, त्याचे कारण हे आहे.

ज्यांना दूध कळते ते काय करतात, हे आम्हाला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत पाहायला मिळाले. सहा टेबलांचे ते दुकान आपल्या यादीत नव्हते. तेथे म्हशीचे दूध आदल्या दिवशी तापवून, निववून त्याचाच बर्फ ट्रेमध्ये जमवला जातो आणि मिक्सरमध्ये पाण्याच्या बर्फाऐवजी हे दुधाचे खडे पडतात. दूध वितळले तरी दुधात दूधच मिसळते. मिक्सर फार वेळ फिरवत नाहीत, तेही योग्यच आहे, कारण म्हशीचे घट्ट दूध गार असताना जास्त घुसळले तर लोण्याचे बारीक कण सुटतात आणि ते टाळ्याला चिकटून राहतात. भांड्याच्या पात्याखालचे रबर दर तासाला काढून गरम पाण्याने धुतात, हेही मी मुद्दाम पाहिले. मिल्कशेकला जो एक आंबूस, शिळा वास कधी कधी येतो, तो दुधापेक्षा त्या रबरात अडकलेल्या कालच्या दुधाचाच बहुधा असतो.

तेथील सीताफळाचा शेक हा या साऱ्या शनिवारांतला मला सर्वांत आवडलेला पेला आहे. सीताफळ हे मिल्कशेकसाठी अवघड फळ आहे. त्याचा गर मिक्सरमध्ये बियांसकट घालता येत नाही, कारण फुटलेली बी विषारी असते. गर तापवला तर कडवट होतो, म्हणून तो शिजवून टिकवताही येत नाही. बी काढण्याचे काम हातानेच करावे लागते. दुकान चालवणाऱ्या तरुणाची आई सकाळी आठपासून चाळणीवर गर घोळवत बसलेली असते, तिच्याशी दोन शब्द बोलायला मी आत गेलो तेव्हा ती म्हणाली, “काका, मशीन आणा म्हणतात सगळे, पण मशीनला बी कळत नाही.” त्या गराचे काही दाणे अखंडच ठेवून वरून घातले होते. साखर घातलेलीच नव्हती. पेल्याचे १८० रुपये घेतले आणि ते मला एकदाही जास्त वाटले नाहीत. दिवाळीच्या आदल्या शनिवारी आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारावर खडूने लिहिले होते, “आज चांगले सीताफळ मिळाले नाही, चिकू घ्या.” नाशिकच्या उत्तम मिल्कशेकच्या यादीत हे दुकान पहिल्या क्रमांकावर असावे असे मला त्या पाटीमुळेच अधिक वाटले.

त्याच आठवड्यात आम्ही दुसऱ्या एका मोठ्या, सजवलेल्या कॅफेत सीताफळाचाच शेक मागवला. नातीने एक घोट घेतला आणि म्हणाली, “आबा, याला सीताफळाचा वास आहे, पण यात सीताफळ नाही.” मी काऊंटरवरच्या मुलाला विचारले आणि त्याने अगदी प्रामाणिकपणे सिरपची बाटली दाखवली. त्या मुलाविषयी माझी काहीही तक्रार नाही; विचारल्यावर त्याने खरे सांगितले. परंतु मेनूकार्डावर ‘ताज्या सीताफळाचा’ असे छापलेले होते आणि त्यासाठी २६० रुपये घेतले गेले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. तो हक्क काय कामाचा, जर माहिती मागण्यासाठी प्रत्येकाला काऊंटरच्या आत डोकावावे लागणार असेल?

आइस्क्रीमबाबत हीच अडचण अधिक खोल आहे. आपल्याकडील मानकांनुसार आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के फॅट असावे लागते आणि ते दुधाचेच असावे लागते; शिवाय त्यात हवा भरून त्याचे आकारमान वाढवले जाते म्हणून एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे, असाही नियम आहे. ज्यात वनस्पती तेलाचे फॅट वापरतात त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणतात, आणि तसे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. फ्रोझन डेझर्ट विकणे बेकायदा नाही आणि ते अपायकारक आहे असेही माझे म्हणणे नाही. मात्र वेष्टनावरचे ते शब्द कॅफेच्या फ्रीजरमध्येच राहतात. पेल्यात पडलेल्या गोळ्यावर काही छापलेले नसते आणि मेनूकार्डावर सरसकट ‘आइस्क्रीम’ असे लिहिलेले असते. म्हणजे ज्या पेल्याला आपण दुधाचा समजतो त्यातील स्निग्धांशाचा मोठा भाग दुधाचा नसण्याचीही शक्यता राहते. प्रयोगशाळेत तुपातील परकी चरबी ओळखण्यासाठी आम्ही बी. आर. रीडिंग, म्हणजे तुपातून जाताना प्रकाश किती वळतो याचे माप, घेत असू. कॅफेत बसलेल्या मुलीकडे असे कोणते साधन आहे? तिच्याकडे मेनूकार्ड तेवढे आहे, म्हणून ते खरे बोलले पाहिजे.

नाशिकने याबाबत इतर शहरांपेक्षा अधिक काटेकोर असावे असे मला वाटते, त्याचे कारण आपल्या भोवतालची फळे. बाहेरगावचे पाहुणे मला हमखास विचारतात की द्राक्षांच्या नाशिकात द्राक्षांचा चांगला मिल्कशेक का मिळत नाही. याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. दुधातील केसीन हे प्रथिन ४.६ या सामूला (म्हणजे पीएचला; हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साकळते, आणि टार्टरिक आम्ल असलेला द्राक्षांचा रस त्याहून बराच आंबट असतो. दुधात पुरेसा घातला की दूध फाटते. मालेगाव-सटाण्याकडच्या डाळिंबांच्या रसाचेही तेच. अननस आणि पपई यांच्यात तर प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असल्याने दूध काही वेळाने कडू होते. म्हणून द्राक्षांचा मिल्कशेक या नावाने जे जांभळे पेय काही ठिकाणी मिळते, ते बहुधा सिरपचेच असणार, हे ग्राहकाने समजून घ्यावे. पण द्राक्षाला दुधाच्या पेल्यात येण्याची दुसरी वाट आहे आणि ती पंचवटीतील एका लहान दुकानाने शोधली आहे. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, वाटून, थंड दुधात फिरवून ते जो शेक देतात, त्यात वेगळी साखर लागत नाही, चव मधाकडे झुकणारी असते आणि रंग फिकट तपकिरी, दिसायला साधाच. माझ्या मते हा खरा नाशिकचा मिल्कशेक आहे, आणि दूरच्या मंडळींना गोदाघाट दाखवून झाल्यावर मी आता तेथेच घेऊन जातो.

चिकूबद्दल फार लिहीत नाही, कारण चिकूचा चांगला शेक शहरात सर्वांत सहज मिळतो. घोलवड-डहाणूचा चिकू जव्हार-त्र्यंबकच्या रस्त्याने आपल्यापर्यंत येतो आणि त्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. फळ पूर्ण पिकलेले असावे, कच्च्या चिकूचा चीक घशाला धरतो, आणि साल काढलेली असावी, एवढे पाहिले की पुरते. केळ्याचेही तसेच, सालीवर काळे ठिपके पडलेले केळे घेतले तर साखर घालावीच लागत नाही. आंब्याचा शेक नोव्हेंबरात मिळतो तेव्हा तो डब्यातील गोड केलेल्या गराचा असतो, आणि तसे लिहिले असेल तर त्यात गैर काही नाही. चॉकलेट आणि बिस्किटांचे शेक मुलांना आवडतात, आम्हीही घेतले. त्यांची चव बिस्किटाची असते, दुधाची परीक्षा त्यात होत नाही, म्हणून त्यांची यादी वेगळी करावी.

स्ट्रॉबेरीचे मात्र सांगायलाच हवे. सुरगाणा आणि कळवण तालुक्यांतील डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी आता स्ट्रॉबेरी घेतात. थंडी सुरू झाली की वणीहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लहान खोक्यांतून ती विकायला मांडलेली दिसते. हे फळ नाजूक असते आणि दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून दूरच्या बाजारापेक्षा जवळचे गिऱ्हाईक शेतकऱ्याला अधिक मोलाचे. नाशिक शहरातील कॅफे हे त्याचे सर्वांत जवळचे गिऱ्हाईक आहे. असे असताना आम्ही ज्या ठिकाणी स्ट्रॉबेरी शेक मागवला, तेथे गडद लाल रंगाचे सिरप किंवा बाटलीतला क्रश होता. क्रशमध्ये निदान २५ टक्के फळांश असावा असा नियम आहे. सिरपमध्ये केवळ रंग, साखर आणि सुगंध असू शकतो. खऱ्या स्ट्रॉबेरीचा शेक फिकट गुलाबी दिसतो, त्यात बारीक बिया असतात आणि तो केल्या केल्या प्यावा लागतो, कारण फळाचा आंबटपणा दुधावर काम करू लागतो. छायाचित्रात तो लाल सिरपाइतका उठून दिसणार नाही, हे खरे आहे. पण पुरवणीतील यादी छायाचित्रांवरून ठरत असेल तर फिकट गुलाबी पेला नेहमीच हरणार, आणि त्याच्याबरोबर सुरगाण्याचा शेतकरीही हरणार, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना दूध आणि फळे, विशेषतः आंबट फळे, एकत्र घेणे मान्य नाही, याची मला जाणीव आहे. माझ्या मोठ्या बहिणीने आयुष्यभर शिकरण खाल्ले नाही. त्यांच्या मताचा मी आदर करतो. हे पत्र जे पितात त्यांच्यासाठी आहे.

कॅफे चालवणाऱ्यांची बाजूही मी ऐकून घेतली आहे. कॉलेज रोडवरील एका कॅफेच्या मालकाने, तो माझ्या मुलापेक्षाही लहान असेल, मला समजावून सांगितले की जागेचे भाडे मोठे आहे, फळ रोज निवडून आणायला आणि सोलायला माणूस लागतो, खराब निघालेले फळ फेकावे लागते, आणि सर्वांत अवघड म्हणजे गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी तीच चव हवी असते. खऱ्या फळाची चव प्रत्येक पेटीगणिक बदलते. मागच्या आठवड्यासारखा लागला नाही म्हणून मुले पेला परत करतात, आणि सिरपबाबत अशी तक्रार कधीच येत नाही, असे तो म्हणाला. हे बोलणे मला पटले. चव बदलते म्हणून दुकानदाराला दोष देणारे आपण ग्राहकही या स्थितीला जबाबदार आहोत. दूध संघात असताना पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्याने दुधाची फॅट उतरते आणि हिवाळ्यात चढते हे आम्ही गृहीत धरत असू. पेल्यातील चिकू डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये सारखा लागावा, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे.

म्हणून माझी सूचना कॅफेंवर मोठा खर्च लादणारी नाही. सध्याच्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा त्याहून अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेनूकार्डावर पदार्थांचे उष्मांक छापावे लागतात, आणि २०२२ पासून प्रत्येक खाद्यव्यावसायिकाला बिलावर आपला १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. आपल्या शहरातील बहुसंख्य कॅफे एक-दोन शाखांचे असल्याने उष्मांकांचे बंधन त्यांना नाही, आणि त्यांच्यावर ते लादावे असेही मी म्हणत नाही. त्यांनी स्वेच्छेने मिल्कशेकच्या प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहावी, एवढेच मागणे आहे. त्या ओळीत दूध म्हशीचे, गाईचे की टोन्ड, घातले ते आइस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट, आणि फळ ताजे, गोठवलेले, डब्यातले की सिरप, हे यावे. ‘सीताफळ सिरप, टोन्ड दूध, फ्रोझन डेझर्ट, १४० रुपये’ असे लिहिलेला पेला मी आनंदाने घेईन, कारण त्यात मला काय मिळणार हे ठाऊक असेल. आणि ज्यांच्या घरात कोणी सकाळपासून चाळणीवर बिया वेचत बसते, त्यांच्या १८० रुपयांचा अर्थही मग ग्राहकाला आपोआप कळेल. साखर वेगळी घातली असल्यास तेही लिहावे; जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सुचवले आहे, म्हणजे प्रौढ माणसाला ढोबळ मानाने ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. सिरप, आइस्क्रीम आणि वरचे चॉकलेट मिळून एका पेल्यातच ही मर्यादा गाठली जाऊ शकते.

जाता जाता स्ट्रॉविषयी. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण जाडसर शेकमध्ये कागदी स्ट्रॉ पाच मिनिटांत लोळागोळा होतो व त्याची चव दुधाला लागते. जेथे लांब दांड्याचा चमचा मिळाला तेथे आम्हाला खूप सोयीचे झाले.

आता आपल्या दैनिकाकडे विनंती. पुरवणीत पुढील यादी कराल तेव्हा परीक्षकांनी प्रत्येक ठिकाणी दूध कोणते, आइस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट आणि फळ ताजे की सिरप, हे वरील तीन प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे, किंवा उत्तर देण्यास मिळालेला नकार, छायाचित्राशेजारी छापावा. मेनूकार्डावर ‘ताजे’ लिहिले असेल तर ते फळ प्रत्यक्ष पाहावे. यादी वर्षातून एकदा न करता हंगामाप्रमाणे करावी. सप्टेंबर ते नोव्हेंबर सीताफळ, डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी, एप्रिल ते जून आंबा, आणि चिकू, केळे व मनुका यांना मधल्या काळात जागा द्यावी. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे आणि त्या काळात देशभरातून येणारी माणसे रामकुंडावरून परतताना शहरात काहीतरी थंड शोधतील. त्यांच्या हातात आपली यादी पडणार आहे.

स्ट्रॉबेरीचा हंगाम आता सुरू होत आहे. पहिल्या यादीसाठी परीक्षक निघणार असतील, तर त्यांना सीताफळाच्या त्या दुकानाचा आणि पंचवटीतील मनुकांच्या दुकानाचा पत्ता मी आपल्या कार्यालयात आणून देईन. दोन्ही दुकानदारांची तशी परवानगी मी घेतली आहे. गंगापूर रोडच्या तरुणाने एवढेच सांगितले आहे की सकाळी अकराच्या आत यावे, कारण त्यानंतर गर्दी होते आणि आईला बोलायला वेळ मिळत नाही.

आपला विश्वासू,
दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला एक वाचक,
नाशिक